हॉटेलात आलेले दोन राजे



पैसे टाकून जेवणे ही गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे की, तिलाही काही इतिहास असेल हे कोणाच्या ध्यानात येत नाही. विजापुराकडून सोलापुराकडे निघालेला मालमोटारवाला मंद्रूपास थांबतो, भाकरी आणि आमटी मागवितो, जेवतो, पैसे देतो आणि चालू लागतो. वाढणाऱ्याने त्याची जात विचारलेली नसते. आत चुलीपाशी कोण बसले आहे हे त्यानेही पाहिलेले नसते. सव्वाशे वर्षांपूर्वी यांतील एकही गोष्ट इतकी सरळ नव्हती. शिजविलेले अन्न विकणे हे आपल्याकडे पाप मानीत, आणि ते विकत घेऊन खाणे ही लाज. परगावी निघालेला माणूस शिदोरी बांधून निघे. ती सरली की जातभाईचे घर शोधी. तेही न मिळाले तर कोरडा शिधा घेऊन ओढ्याकाठी तीन दगडांची चूल मांडी. मठांतून आणि अन्नछत्रांतून जेवण मिळे, पण ते पुण्याचे जेवण. त्याला मोल नव्हते, आणि कोणाची पंगत कोठे बसावयाची हे आधीच ठरलेले असे.

आमचा आजचा विषय इथिओपियाच्या खाणावळीचा आहे हे पत्रिकेत वाचून काही मंडळी हसली, असे आमच्या कानावर आले. युनियनच्या माणसाने बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलावे. हबशांच्या जेवणावर त्याने काय म्हणून बोलावे? तक्रार रास्त आहे. परंतु भाकरीसाठी भांडण्यात आमचे आयुष्य गेले, आणि भाकरी कोणाच्या शेजारी बसून खावयाची हा प्रश्न भाकरी किती मिळावी या प्रश्नाइतकाच जुना आहे. तो प्रश्न दोन देशांत, थोड्याच वर्षांच्या अंतराने, दोन राजांपुढे आला. त्यांची हकीकत आधी सांगतो.

इथिओपिया म्हणजे आपल्या वाडवडिलांचा अबिसिनिया. तांबड्या समुद्रापलीकडचा डोंगराळ देश. १८९६ च्या मार्च महिन्यात अडवा येथे तेथील सम्राट दुसरा मेनेलिक याने इटलीच्या फौजेचा पुरा मोड केला. युरोपातील एका सत्तेला आफ्रिकेतल्या राजाने असे उघड्या मैदानात लोळविल्याचे वर्तमान त्या काळी जगभर गाजले. मेनेलिकची राणी तायतू ही त्या मोहिमेत जातीने हजर होती. आदिस अबाबा या राजधानीची जागाही तिनेच पसंत केलेली. लढाई जिंकल्यावर परदेशांचे वकील, व्यापारी, इंजिनियर अशी माणसे राजधानीत येऊ लागली. त्यांना उतरावयास आणि जेवावयास जागा हवी म्हणून १९०७ साली राणीने हॉटेल उघडले. त्या देशातले ते पहिले हॉटेल. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ ते चालले; २०१५ च्या जानेवारीत त्याचा बराच भाग आगीत जळाला.

हॉटेल उघडले खरे, पण देशातला माणूस तिकडे फिरकेना. पाहुण्याला जेवू घालणे हा तेथील धर्म. घरात ताट मांडलेले असताना कोणी दारात आला तर 'एन्ब्ला' म्हणावयाचे, म्हणजे 'चला, जेवू या'. आपल्याकडे शेताच्या बांधावर भाकरी सोडून बसलेला गडी वाटेने जाणाऱ्याला 'या जेवायला' म्हणतो, तोच हा प्रकार. राजवाड्यात तर मेनेलिक एका वेळेस हजारो माणसांना जेवण घाली. अशा लोकांना, जेवून उठल्यावर हिशेब चुकता करावयाचा ही कल्पनाच ओंगळ वाटली. तेव्हा राजा स्वतः सरदारांना घेऊन हॉटेलात गेला, जेवला, आणि त्याने रोख पैसे मोजून दिले, असे सांगतात. सरदार त्या दिवशी राजाचे पाहुणे म्हणून आनंदाने जेवले. पुढे आपापल्या पैशाने जेवा म्हटल्यावर पुन्हा कोणी येईना, आणि राजाला त्यांची कानउघाडणी करावी लागली.

ही गोष्ट सांगणारे ती हसण्यासाठी सांगतात. आम्हांस तीत निराळेच काही दिसते. राजवाड्यातली ती मेजवानी फुकट होती, पण तीत दर्जाप्रमाणे बसवीत. मोठे सरदार राजाजवळ आणि आधी. शिपाई आणि हलकी माणसे मागून, लांब. फुकट जेवणारा माणूस जेथे बसविले तेथे बसतो. पैसे देऊन जेवणारा आपली जागा आपण निवडतो. मेनेलिकच्या मनात हे असेल असे आम्ही म्हणत नाही. त्याला राणीचे हॉटेल चालवावयाचे होते. परंतु पैशाने ही एक सोय करून ठेवली, आणि ज्यांना पंगतीत जागाच नव्हती त्यांना ती सोय फार मोलाची होती.

दुसरा राजा आपल्या घरचा. कोल्हापूरच्या शाहूमहाराजांच्या पदरी गंगाराम कांबळे नावाचा अस्पृश्य समाजातील नोकर होता. पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून त्याला इतर नोकरांनी बेदम मारले. महाराजांनी मारणारांना शासन केले, आणि गंगारामाला नोकरीतून मोकळा करून स्वतंत्र धंदा करावयास सांगून भांडवल दिले. त्याने कोल्हापुरात चहाचे दुकान काढले. नाव ठेवले 'सत्यसुधारक'. दुकान स्वच्छ, चहा चांगला. पण गिऱ्हाईक येईना. ही बातमी लागताच महाराज फिरावयास निघाले की दुकानापाशी गाडी थांबवू लागले, आणि मोठ्याने चहा मागवून तो घेऊ लागले. बरोबरच्या मंडळींपुढेही कप येत. राजा पितो म्हटल्यावर नाही कसे म्हणावे? १९२२ साली महाराज वारले. त्याआधीच्या थोड्या वर्षांतली ही गोष्ट आहे.

आदिस अबाबात अडचण पैशाची होती, कोल्हापुरात हाताची. तेथे लोक म्हणत, अन्नाला पैसे कसे द्यावयाचे? येथे लोक म्हणत, या हातचे कसे घ्यावयाचे? मेनेलिकने खिशात हात घातला आणि काम झाले. शाहूमहाराजांना तेवढ्याने भागण्यासारखे नव्हते. त्यांना तो कप ओठाला लावावा लागला, आणि तोही चव्हाट्यावर, चार माणसांच्या देखत. आमच्या मते दोघांत त्यांचे काम अवघड.

अवघड किती, हे त्याआधीच्या दोन प्रसंगांवरून कळेल. मुंबईत १८४९ साली दादोबा पांडुरंग प्रभृतींनी परमहंस सभा स्थापिली. जातिभेद मोडणे हा हेतू, आणि त्याची खूण म्हणून सभासदाने ख्रिस्ती भटारखान्यातल्या पावाचा तुकडा खावयाचा. एवढी क्रांतिकारक सभा, पण ती चाले दार लावून. १८६० साली सभासदांच्या नावांचे दप्तर चोरीस गेले, नावे बाहेर फुटतील असे भय पडले आणि सभा मोडली. पावाच्या तुकड्याने सभा मोडते, ही गोष्ट आज खरी वाटत नाही. दुसरा प्रसंग पुण्याचा. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कोणी घोट घेतला, कोणी कप नुसता हातात धरला. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे छापून टाकली, आणि मग जे ग्रामण्य माजले ते थेट शंकराचार्यांपर्यंत गेले. रानड्यांना पुढे प्रायश्चित्त घ्यावे लागले. टिळकांनी आपण काशीस घेतल्याचे सांगितले. आज ज्या कपासाठी कोणी खिशातले सुटे पैसेही मोजून पाहत नाही, त्या कपाने रानड्यांसारख्या माणसाला वाकविले.

आता या दोन देशांचे नाते केवळ दोन राजांच्या गोष्टींपुरते नाही. ते आपल्या ताटात आहे. ज्या ज्वारीवर हा मंद्रूपचा काळा पट्टा जगतो, जिच्या मालदांडीचे नाव मोहोळच्या संशोधन केंद्रामुळे देशभर गेले, ती ज्वारी मूळची आपली नव्हे. माणसाने ती प्रथम पेरली ती पूर्व सुदानात, इथिओपियाच्या सरहद्दीकडे. पाच हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांच्या खापरांवर तिच्या दाण्यांचे ठसे सापडले, आणि ते संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झाले. तेथून ती समुद्रमार्गे इकडे आली, तीही ख्रिस्तपूर्व काळात. नाचणीचे घर तेच, पूर्व आफ्रिकेचे डोंगर. आणि कारळे? कारळ्याची चटणी नाही असे मराठी घर दाखवा. त्या कारळ्याला वनस्पतिशास्त्रात जे नाव आहे त्यातच अबिसिनिया आहे. इथिओपियात आजही त्याचे तेल काढून स्वयंपाकाला वापरतात. म्हणजे भाकरी त्यांच्याकडची, चटणी त्यांच्याकडची, आणि आम्ही मात्र छाती फुगवून सांगतो की हे आमचे अस्सल सोलापुरी जेवण!

ज्वारी हबशी शिपायांनी आणली, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. ते लोक फार मागून आले, आणि आपखुशीने आले नाहीत. इथिओपियातील मुले पकडून, तांबडा समुद्र ओलांडून अरबस्तानच्या बाजारात विकली जात आणि तेथून दख्खनेत येत. असाच विकत विकत आलेला चापू नावाचा मुलगा अहमदनगरच्या निजामशाहीत चंगीझखान पेशव्याच्या पदरी पडला. हा पेशवाही हबशीच. चापूचा पुढे मलिक अंबर झाला. त्याने १६१० साली खडकी वसविली, जमिनीचा सारा बसविला, आणि १६२४ साली भातवडीस मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांचा एकदम पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने होते. त्या विजयानंतर त्याने सोलापूरचा किल्लाही घेतला. नगर आणि विजापूर या दोन गाद्यांत सोलापूर हे नेहमीचेच भांडणाचे हाड. आपले मंद्रूप तर त्या विजापूरच्या वाटेवरच. हबशी स्वारांचे घोडे या रानातून गेले असतील, आणि त्यांच्यातल्या एखाद्या जाणत्याने उभे ज्वारीचे कणीस पाहून ते ओळखलेही असेल. १६२६ साली मलिक अंबर वारला. गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताकरविता झाला. आपण त्याच्या देशबांधवांना मात्र अजून चेष्टेत 'हबशी' म्हणतो.

आता खुद्द जेवणाकडे वळू. काही वर्षांपूर्वी कामगार संघटनांच्या एका बैठकीसाठी आम्ही दिल्लीस गेलो होतो. बैठक संपल्यावर तेथल्या एका मित्राने आम्हां चौघांना इथिओपियाच्या एका बाईंच्या खाणावळीत नेले. आमच्यात नागपूरचे एक सहकारी होते, आणि सोलापूरचे एक वडीलधारे. उभी हयात यंत्रमागावर काढलेले. प्रथम एका मुलीने तांब्यासारख्या भांड्यातून प्रत्येकाच्या हातावर पाणी घातले. मग आले एक मोठे गोल ताट. एकच. त्यावर इंजेरा अंथरलेला. इंजेरा म्हणजे आपल्या आंबोळीचा थोरला भाऊ समजा. तेफ नावाच्या खसखशीएवढ्या धान्याचे पीठ दोन-तीन दिवस आंबवून मोठ्या तव्यावर एका बाजूने भाजतात, वरच्या बाजूला जाळी पडते. जेथे तेफ महाग तेथे गोरगरीब ज्वारीचाही करतात. त्या इंजेऱ्यावर निरनिराळे ढीग: मसुरीचे तिखट कालवण, कोबी-बटाटा, पालेभाजी, आणि मध्ये शिरो. शिरो तोंडात घातल्यावर आम्ही एकमेकांकडे पाहिले. ते पिठले होते! हरभऱ्याच्या पिठाचे, लसूण घातलेले, मिरचीने लाल झालेले. मेथी आणि ओवाही त्यांच्या मसाल्यात असतो. मिरची त्यांनाही आपल्यासारखीच अमेरिकेहून पोर्तुगीजांच्या काळात मिळाली, आणि आपल्यासारखीच ती आपलीच म्हणून ते सांगतात.

मांस नसलेले असे भरगच्च ताट कसे, असे विचारता बाईंनी सांगितले की हे उपासाचे ताट. त्यांच्या जुन्या ख्रिस्ती पंथात बुधवारी आणि शुक्रवारी, शिवाय मोठ्या उपासांच्या दिवसांत मांस, अंडी, दूध, लोणी वर्ज्य. वर्षातून दीडशेच्या वर दिवस असे निघतात. त्यामुळे इथिओपियाची खाणावळ जगात कोठेही असो, शाकाहारी माणूस तेथून उपाशी उठत नाही.

परंतु आमचे सोलापूरचे वडीलधारे अद्याप हात गुंडाळूनच बसले होते. शेवटी हळूच म्हणाले, "अवो, सगळ्यांनी एकाच ताटात? उष्टं होतंय की वो!" नागपूरचे सहकारी म्हणाले, "दादा, सहभोजनावरचं तुमचं भाषण आम्ही नागपुरात ऐकलं आहे." सगळे हसले, दादाही हसले, पण त्यांनी निराळी ताटली मागितली, आणि बाईंनी काही न बोलता ती आणून दिली.

त्या हसण्यात आम्हीही होतो. पण नंतर विचार करता आम्हांस दादांचे काही चुकले असे वाटेना. जातिभेद मोडण्याच्या लढाईत आपल्याला जे मिळाले ते निराळ्या ताटानेच मिळाले आहे. हॉटेलाने आपल्याला सांगितले: तुझे पैसे, तुझे ताट, शेजारच्या खुर्चीवर कोण बसले आहे याची तू चौकशी करू नकोस. मेस, बोर्डिंग, इराण्याचे हॉटेल, उडुप्याचे हॉटेल, सगळ्यांनी हेच केले. शेजारी आलो, पण आपापल्या कडेवाल्या ताटलीत. इथिओपियाच्या ताटाला ती कड नाही. अर्थात तेथेही शिस्त आहे: उजव्या हातानेच खावयाचे, आपल्या पुढ्यातलेच घ्यावयाचे, बोटे चाटावयाची नाहीत. आणि जेवण रंगात आले की यजमान एक मोठा घास करून पाहुण्याला आपल्या हाताने भरवितो. त्याला गुर्शा म्हणतात, नाकारणे अपमान. बाईंनी तो आम्हां सर्वांना भरविला, आणि दादांनाही. दादांनी तोंड उघडले. म्हातारीच्या हातचा घास कोण परतवील?

आपल्याकडे असे काही नव्हतेच का? होते. पंढरपूर येथून लांब नाही. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो. लाह्या-दही एकमेकांच्या तोंडात घालतात, आणि त्या घटकेपुरता कोणी कोणाची जात पाहत नाही असा संप्रदायाचा दंडक. मंगळवेढ्यात बसवेश्वरांनी बाराव्या शतकात कारभार केला. त्यांच्या शरणांच्या दासोहाची परंपरा या मुलुखातल्या मठांतून आजही चालते. पण त्याच मंगळवेढ्यात चोखोबा गावकुसाचे काम करीत दरड कोसळून मेले, आणि पंढरीच्या देवळाचे दार अस्पृश्यांना उघडले ते १९४७ साली, साने गुरुजींनी प्राण पणाला लावल्यावर. काला एका दिवसाचा. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस पंगतीचे. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी जे भाषण लिहिले, आणि जे त्यांना करू दिले नाही, त्यात त्यांनी स्पष्ट सांगितले की सहभोजनाने जात जाणार नाही, रक्ताची नाती जुळली पाहिजेत. ते म्हणणे आम्ही मानतो. तथापि ज्याला दुकानाबाहेर उकिडवे बसून चहा प्यावा लागला आहे त्याच्यापुढे सहभोजन क्षुल्लक आहे असे म्हणण्याची आमची छाती नाही.

इथिओपियाची फार स्तुती करीत आहोत असे वाटू नये म्हणून त्यांचेही सांगतो. त्या एका ताटाभोवती सगळे बसत नसत. लोहार, कुंभार, चांभार, आणि आपल्या सोलापूरकरांनी नीट ऐकावे, विणकरसुद्धा, हे सारे तेथे हलके मानले गेले. लोहाराची आणि कुंभाराची नजर लागते असा लोकांचा समज. कॉफीचे जन्मस्थान म्हणून मिरविणाऱ्या काफा प्रांतात मांजो नावाची जमात आहे. शिकारी आणि कोळसा पाडणारी. त्यांना घरात घेत नसत. दिलेच तर पानावर नाही तर फुटक्या भांड्यात, बाहेर. ख्रिस्ती आणि मुसलमान एकमेकांनी कापलेले मांस खात नाहीत. आणि गुलामगिरी तर तेथे १९४२ च्या कायद्यापर्यंत होती. पान आणि फुटके भांडे हे शब्द ऐकताच तुमच्यातल्या वृद्ध मंडळींना आपल्या गावांतील हॉटेलांच्या वळचणीला ठेवलेल्या कान तुटलेल्या कपबशा आठवल्या असतील. दोन देशांमध्ये समुद्र आहे, पण युक्ती एकच.

हे जेवण देशाबाहेर पसरले ते १९७४ नंतर. त्या वर्षी लष्कराने सम्राट हैले सेलासी यांना पदच्युत केले. पुढे कत्तली झाल्या, दुष्काळ पडले, लाखो लोक परागंदा झाले. परक्या शहरात हाताशी काही नसलेल्या बाईजवळ एक विद्या असते. १९७८ साली वॉशिंग्टनमध्ये मम्मा देस्ता या नावाची खाणावळ निघाली, आणि मग अशा खाणावळींची रांगच लागली. आपल्या गिरणगावात याहून काय निराळे झाले? कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले गडी ज्यांच्या हातचे जेवून गिरणीत उभे राहत त्या खाणावळवाल्या, बहुधा विधवा किंवा नवऱ्याची नोकरी गेलेल्या. १९७४ च्या संपात त्यांनी संपकऱ्यांना उधारीवर जेवू घातले. सावकाराचे व्याज स्वतःच्या डोक्यावर घेतले. संपाचा इतिहास लिहिणारे पुढाऱ्यांची नावे लिहितात. प्रेमा पुरव यांनी या बाया पाहिल्या आणि १९७५ साली त्यांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभारून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने १९७४ च्या सुमारास 'कष्टाची भाकर' सुरू केली: हमालांच्या संघटनेची खाणावळ, परवडेल अशा दरात, येईल त्याला. एखाद्या युनियनने स्वतः चूल पेटवावी हे आम्हांस शंभर ठरावांहून मोठे वाटते.

कायद्याने काय केले? राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत प्रवेश करण्यास जात, धर्म यांची आडकाठी करता येणार नाही असे लिहिले आहे. पाणवठ्याच्या जोडीने उपाहारगृहाचे नाव घटनेत यावे, यातच गंगाराम कांबळ्यांच्या दुकानाचे महत्त्व आले. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. त्यात नुसता प्रवेश नाही. हॉटेलात ठेवलेली भांडी वापरण्याचा हक्कही शब्दांनी सांगितला आहे. ज्याने हे कलम लिहिले त्याला ती कान तुटलेली कपबशी ठाऊक होती. कायदा झाल्यावर ती लगेच गेली असे नाही. पुष्कळ गावांत ती नंतरही कित्येक वर्षे वळचणीला होतीच, आणि काही ठिकाणी तिची जागा कागदी पेल्याने घेतली. पेला फेकून द्यावयाचा असल्यामुळे भांड्याचा प्रश्नच उरत नाही.

आमच्या क्षेत्रात कायदा आला तो १९४८ चा, कारखान्यांचा. अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे मालकाने उपाहारगृह चालविले पाहिजे. नियमांत असे की जिन्नस ना नफा विकावयाचे, आणि व्यवस्था पाहणाऱ्या समितीत कामगारांनी निवडलेली माणसे हवीत. २०२० च्या संहितेत ही संख्या शंभरावर आणली असून तीत कंत्राटी कामगारही धरावयाचे आहेत. कागदावर हे चांगले आहे. प्रत्यक्षात कंत्राटी माणसाचे नाव हजेरीपटावर शोधावे लागते. जेवणाच्या सुटीत तो कोठे दिसतो म्हणाल, तर भिंतीच्या सावलीला, डबा उघडून.

एका कारखान्यात आमच्या संघटनेने या उपाहारगृहाचा प्रश्न घेतला होता. साहेबलोकांना काचेच्या ताटल्या आणि पंख्याखालची टेबले. कामगारांना चेपलेल्या ॲल्युमिनियमच्या थाळ्या. आमच्या मागणीपत्रात पगारवाढीनंतर हे कलम होते, आणि व्यवस्थापनाच्या माणसाने विचारले, "ताटलीनं काय फरक पडतो हो?" आमच्यातली बिगारीकाम करणारी एक बाई उत्तरली, "साहेब, फरक पडत नसंल तर बदला की मग." सहा महिने बोलणी चालली. शेवटी सगळ्यांना स्टीलच्या सारख्या ताटल्या आल्या, एकाच ढिगातून ज्याने त्याने उचलावयाच्या. टेबले मात्र निराळी राहिली. त्यांचे कलम पुढल्या करारात घातले आहे.